वजन वाढलं तो दिवस

“शिस्टर, आधी रिकामा काटा दाखवा.”

असं म्हणून ते काका आमच्या वजनकाट्यापाशी वाकायचे आणि आकडा शून्यावर आहे ना, ते चष्मा सरकवून बघायचे. नगरच्या दवाखान्यात कॅन्सरच्या पेशंटांची वजनं घेऊन फायलीत लिहिणं हे माझं काम. मागे ही रांग, आणि त्यात यांची तपासणी. पहिल्या दिवशी माझं डोकंच फिरलं.

मग कळलं, श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या गाड्या मोजण्यात त्यांची हयात गेली होती. काही पेशंट वजन भरावं म्हणून तांब्याभर पाणी पिऊन येतात. असे तुम्हीही पाहिले असतील. काका मात्र स्वेटर, घड्याळ, किल्ल्या काढून मावशींकडे, म्हणजे बायकोकडे द्यायचे.

“उसातलं पाचट, वाळका पाला आमी वजा करायचो. मग मला कशाला सवलत?”

त्यांना जठराचा कॅन्सर होता. गाठ भिंतीत किती खोल गेलीय, किती ग्रंथींत पोचलीय, पोटात आणखी कुठे पसरलीय का आणि अंगात ताकद किती, यावर पुढचं सगळं ठरतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. केमोनंतर ऑपरेशन, पण तब्येत टिकली तर.

“बाकीचं देवाच्या हातात,” ते मला म्हणाले. “वजन तेवढं माझ्या हातात हाय.”

मग दर दोन तासांनी मावशी डबा उघडायच्या आणि काका तोंड वाकडं करून चार घास गिळायचे. तरी आकडा उतरतच होता. मला तो लिहायला नको वाटायचं.

एके दिवशी काटा दोन किलो वर गेला. मावशींनी टाळीच वाजवली. “बगा, मी म्हनत हुते न्हाई?” आणि त्या तडक समोरच्या दुकानात पेढे आणायला गेल्या.

काका काट्यावरून उतरेनात. त्यांनी बाही वर केली. दंडावर मांस उरलं नव्हतं. पोटावर मात्र पायजम्याची नाडी पुरत नव्हती.

“ह्ये पोटातलं पानी हाय ना, शिस्टर? भिजलेली उसाची मोळी बी वजनाला लई भरते.”

“डॉक्टर बघतील, काका,” मी म्हणाले. त्यावरून ते काय ते समजले.

“आजच्या दिवस तिला सांगू नका.”

गाठ पोटात पसरली होती; ऑपरेशन झालंच नाही. थोड्याच दिवसांत ते गेले. मी त्यांना विसरू शकत नाही, ते वजन वाढलं त्या दुपारमुळे. मावशी पुडा उघडून उभ्या होत्या. “आता आपरेशन व्हतंय बगा!” काकांनी पेढा तोंडात टाकला, कसाबसा गिळला, आणि परत हात पुढे केला.

“आनखी एक दे गं. आज भूक लागलीय.”