डेंग्यूनंतरची पहिली धाव

माझ्या धावण्यापायी नवऱ्याच्या स्कूटरची चावी मासळीच्या टोपलीत गेली.

त्याआधी मला डेंग्यू झाला होता. शाळेतल्या शिक्षिकांच्या शर्यतीत दरवर्षी पहिली येणारी मी (स्पर्धक तिघीच असतात, पण ते असो!) भिंत धरून मोरीपर्यंत जायचे आणि परत येताना धापा टाकायचे. ताप उतरला, पण पाय काही माझे राहिले नव्हते. धावायचे बूट दिसले की रडू यायचं. मग हळूहळू चालायला लागले. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग भाट्याच्या पुलापर्यंत. आणि एका सकाळी जाहीर केलं, "आज मी धावणार!"

"एकटी?" सासूबाईंनी भाकरी तव्यावर तशीच सोडली. "मिलिंद, जा हिच्या मागनं!"

असा आमचा लवाजमा निघाला. पुढे मी. मागे स्कूटरवर मिलिंद. जवळ पाणी, ग्लुकोज, उन्हासाठी छत्री आणि सासूबाईंनी कोंबलेली उशी. (मी पडलेच तर डोक्याखाली द्यायला!)

पूल ओलांडून सुरूच्या झाडांच्या रस्त्याला लागले. सुरुवातीला गुडघे कुरकुरले. मग श्वास लयीत आला, समुद्राचा वारा तोंडावर आला, आणि काय सांगू, मला एकटीलाच हसू फुटलं! पाय परत माझे झाले होते.

"सुजाता, हळू! थांब! थांब म्हणतो ना!" मागून मिलिंद ओरडत होता. मी कशाला थांबते!

वळणावर मासेवाल्या बायका टोपल्या घेऊन रिक्षाची वाट बघत होत्या. त्यांना मी दिसले आणि माझ्यामागे छत्री उगारून ओरडत येणारा पुरुषही दिसला. एकच गलका झाला, "पळ गो बाय, पळ! मागं बघू नको!"

एवढं कौतुक! माझा ऊर भरून आला. मी त्यांना हात केला आणि वेग वाढवला. थोड्या वेळाने मिलिंदचा आवाज बंद झाला, तेव्हा तर खात्रीच पटली, की मी स्कूटरलाही मागे टाकलं!

झाडं संपली तिथे थांबले. न थांबता, न चालता, सगळा रस्ता धावून! ऐटीत मागे वळून पाहते, तर नवरा गायब.

परत आले, तर बायकांनी त्याला घेरलेलं. उशी एकीच्या काखेत, चावी टोपलीत.

"अगं, सांग यांना मी कोण ते!" तो रडवेला झाला होता.

"मावशी, नवरा आहे हो माझा!"

"नवरा हाय? मग तर सोडायचाच नाय!" त्यांच्यातली थोराड मावशी कडाडली.

शेवटी डेंग्यूपासून सगळी कथा सांगितली. मावशीने मला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हंजे कोन मागं लागला नसताना पळत व्हतीस? कशाला?"

"बरं वाटतं म्हणून."

ती खळखळून हसली. चावी लुगड्याला पुसून मिलिंदच्या हातात ठेवली आणि माझी पाठ थोपटत म्हणाली, "दुखण्यातनं उठून इतकी पळालीस? भली गो बाय!" शाळेतलं एकही बक्षीस घेताना मी इतकी ताठ उभी राहिले नव्हते.

आता मी रोज एकटीच धावते. कालही त्या वळणावरून अगदी जीव तोडून, वाऱ्यासारखी गेले. मावशी बसलीच होती. तिने प्रेमाने हाक मारली, "काय गो बाय, आज नुसतीच चालतेस? पळणार कधी?"