शुक्रवारचं स्थळ

“पोरीला पसंत हाय गो! लाजतेय नुसती, पन पसंत हाय!” आत्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या चाचीला ओरडून सांगत होती, आणि पडद्यापलीकडे मुलगा, त्याची आई आणि मामा आमच्याकडचे पोहे खात बसले होते.

दोष आत्याचा नव्हता, शुक्रवारचा होता. भिवंडीतल्या आमच्या घराची मागची भिंत कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याला चिकटलेली. शनिवार ते गुरुवार ते लूम असे धडधडायचे की दुधाला विरजण लावून झोपलं तर सकाळी लोणी वर आलेलं असायचं, रवी लागायची नाही. त्या धडधडीत आमची गल्ली ओरडूनच बोलायची. मी “मीठ दे” म्हटलं तर तिऱ्हाईत माणूस भांडण सोडवायला धावला असता. शुक्रवारी कारखाना बंद. गळे मात्र चालूच.

या गळ्यापायी आणि त्या धडधडीपायी माझी दोन स्थळं गेली होती. पहिल्या मुलाच्या काकांनी शिक्षण विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांच्या बशीतला चहा धोतरावर गेला. निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण भांडखोर वाटते. दुसऱ्यांनी भिंतीला कान लावला आणि ठरवलं की या घरातली मुलगी बहिरीच असणार. म्हणून बाबांनी तिसऱ्यांना शुक्रवारी बोलावलं, आणि आधीचे आठ दिवस मला हळू बोलायची तालीम दिली. मी ओठ हलवायचे, त्यांनी समोर बसून बघायचं. लूमच्या आवाजात काहीच ऐकू यायचं नाही, तेव्हा ते खुशीत मान डोलवायचे, “जमलं, जमलं.”

आणि खरंच जमलं होतं. मुलगा अंबाडीकडच्या शाळेत मास्तर. त्याच्या आईने इकडेतिकडे बघत विचारलं, इथे नेहमी असंच शांत असतं का? बाबा म्हणाले, “आज तरी आहे.” खोटं ते कधीच बोलायचे नाहीत. मी खाली बघून मुंगीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात उत्तरं देत होते. मुलगा तर माझ्याहून हळू. हा वर्गात शिकवतो कसा, मला प्रश्न पडला. मग पोहे चावता चावता तो एकदम थबकला, खवट शेंगदाणा. मी लगेच ओळखलं, कारण चव बघताना माझ्याही तोंडात एक आला होता आणि मी तो मोरीत थुंकले होते. त्याने तोंड वाकडं केलं नाही, गिळला, आणि वर पोहे चांगले झालेत म्हणाला. झालं. मी आत येऊन आत्याच्या कानात सांगितलं की मला हाच पाहिजे.

आत्याला गुपित ठेवता येतं, पण हळू ठेवता येत नाही.

खिडकीतून चाचीचं उत्तरही तितक्याच पट्टीत आलं, “लडका भी हाँ बोलेगा, मैं दुआ करती!” मी घाबरले. आणि घाबरून मी जे केलं त्याला आजवर माफी नाही.

“आत्या, हळू! त्यांना ऐकू जाईल!”

पंखा थांबल्यासारखा वाटला. पार दापोड्याच्या गोदामांवरची कबुतरं उडाली असं आमची गल्ली अजून सांगते, मी नाही. पडद्यापलीकडे एक चमचा खाली पडला. मग बाबांचा खोकला. पाहुणे दोन मिनिटांत उठले, मुलाच्या आईने “कळवतो” म्हटलं, आणि मुलगा चपला घालताना पडद्याकडे बघून हसला, की चपलेचा अंगठा सापडत नव्हता म्हणून त्याचं तोंड तसं झालं होतं, ते मला पडद्याच्या फटीतून कळेना. त्या रात्री आत्या जेवली नाही. मी जेवले, पण चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. लूम सुरू. दुपारी फोन वाजला. म्हणजे थरथरला, आमच्याकडे फोन वाजतोय हे हात ठेवून ओळखायचं. बाबांनी उचलला, एक कान बोटाने बंद केला आणि ओरडले, “कोण? हां, बोला! काय ठरलं?” थोडं थांबून पुन्हा, “काय? मोठ्याने बोला!” मग तिसऱ्यांदा. खिडकीत चाची, दारात आत्या, गल्लीत भाजीवाली टोपलीसकट थांबलेली. बाबांनी घाम पुसला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला, तुझे कान तरुण आहेत म्हणाले.

आता लपवायचं काय राहिलं होतं? मी पोटापासून आवाज काढला, “मी बोलतेय! इथे लूम चालू आहेत, रोज असतात, कालच तेवढे बंद होते! आणि माझा आवाज हा असाच आहे! काय ते एकदा स्पष्ट सांगा!”

पलीकडून तो मास्तर हजेरी घेतल्यासारखा मोठ्याने म्हणाला,

“हो म्हणतोय. चौथ्यांदा.”