दहा हात रुंद, तीस हात घेर

घेरमास्तरांनी उभा जन्म पत्र्याच्या गोल टाक्या करण्यात घालवला. कारखान्यात नवा माणूस आला की त्याच्या हातात खडू देऊन ते आधी एकच गोष्ट शिकवत. दहा फूट रुंद टाकी हवी असेल तर पत्रा साडेएकतीस फुटांचा काप. तीस फुटांचा कापलास तर दोन्ही टोकं एकमेकांचं तोंड बघत बसतील. यावरूनच त्यांना ते नाव पडलं होतं.

रविवारी मास्तर चर्चमध्ये मोठ्या मुलांचा बायबलचा वर्ग घेत. बावीस वर्षं घेत होते. गोष्ट सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. मुलं चुळबुळसुद्धा करायची नाहीत. चर्चचे पाळक म्हणजे त्यांचे धाकटे मेहुणे. चर्चमध्ये मास्तर त्यांना ‘पाळकसाहेब’ म्हणत आणि घरी जेवायला आले की ‘अरे, भात घे अजून’ म्हणत.

त्या वर्षी मंडळीत वाद पेटला. बायबलमध्ये चूक असू शकते का, एवढाच प्रश्न होता, पण त्यावरून माणसं बाक बदलून बसायला लागली. दवाखान्यातल्या थोरल्या नर्सबाईंचं म्हणणं असं, की तारणाचा, म्हणजे मुक्तीचा मार्ग सांगताना बायबल चुकत नाही, पण आकडे आणि वंशावळ्या लिहिणारी माणसंच होती. पाळकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते एक वीट काढली की भिंत गेली. कमिटीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि एक कागद तयार झाला: पवित्र शास्त्र मूळ लिखाणात इतिहास, विज्ञान आणि आकडे यांसकट पूर्णपणे चूकविरहित आहे. वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाने महिन्याभरात सही करायची.

मास्तरांची बायको लहान मुलांना गाणी शिकवायची. तिने सही करून टाकली. मास्तरांनी मात्र कागद घडी करून खिशात घातला.

“आता तुमचं काय अडलंय?” तिने विचारलं.

“हौद अडलाय,” मास्तर म्हणाले.

शलमोन राजाच्या मंदिरापुढे धातूचा मोठा हौद ओतला होता, असं बायबलात आहे. या काठापासून त्या काठापर्यंत दहा हात, आणि भोवती दोरी धरली तर तीस हात. मास्तरांनी हा भाग कितीतरी वेळा वाचला होता आणि दर वेळी मनातल्या मनात दीडेक हात वाढवून पुढे गेले होते. त्यांना त्याचा कधी त्रास झाला नव्हता. सही करायची म्हटल्यावर झाला.

त्यांनी मेहुण्यांना विचारलं. पाळक चिडले नाहीत. उलट हुरूप आल्यासारखे झाले. “दाजी, याला उत्तर आहे. हौदाचा काठ फुलासारखा बाहेर वळलेला होता, असं तिथेच पुढे लिहिलंय. रुंदी काठावर मोजली आणि घेर काठाखाली. तुम्ही कारागीर आहात, करूनच बघा ना.”

मास्तरांनी करून बघितलं. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या कोपऱ्यात बसून, एका हाताला एक इंच धरून, त्यांनी पितळी पत्रा कापला. पोटाचा घेर बरोबर तीस इंच ठेवला. मग काठ हळूहळू ठोकून बाहेर काढत नेला. तोंडाशी दहा इंच भरायला काठ दोन्हीकडून जेमतेम पाव इंच बाहेर यावा लागला. भांडं सुबक झालं. शेजारच्या वेल्डरने ते फुलदाणीसाठी मागितलंसुद्धा.

सह्यांसाठी बैठक भरली तेव्हा मास्तरांनी भांडं टेबलावर ठेवलं, खिशातून दोरा आणि पट्टी काढली आणि सगळ्यांसमोर मोजून दाखवलं. तोंड दहा, घेर तीस. पाळकांचा चेहरा उजळला. नर्सबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

“म्हणजे प्रश्न मिटला,” पाळक म्हणाले आणि पेन पुढे केलं.

मास्तरांनी पेन घेतलं नाही. “बसवून घेतलंय मी ते,” ते म्हणाले. “तीस आणि दहा यायला हवेत हे आधीच ठरलं होतं, म्हणून काठ तेवढाच वळवला. काठ अर्धा इंच वळवायला सांगितला असता तर तसा वळवला असता. लिहिणाऱ्याने दोरी कुठे धरली ते त्याने लिहिलेलं नाही. कदाचित अशीच धरली असेल. कदाचित तीस म्हणजे तिसाच्या आसपास, एवढंच त्याला म्हणायचं असेल. मला माहीत नाही. जे माहीत नाही त्याच्याखाली सही कशी करू?”

“विश्वास म्हणून करायची, दाजी.”

“विश्वास आहे म्हणून तर बावीस वर्षं वर्ग घेतला. तेव्हा कुणी सही मागितली नव्हती.”

पाळकांनी पेनाचं टोपण लावलं. ते म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा आहे. तुमच्यासाठी मोडला तर लोक म्हणतील, बहिणीच्या नवऱ्याला सूट दिली.”

“बरोबर आहे तुझं,” मास्तर म्हणाले. भर बैठकीत त्यांनी पाळकांना ‘तू’ म्हटलं, ते तेवढं एकदाच.

वर्ग गेला. नर्सबाई आणि आणखी चार कुटुंबं दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागली. त्यांनी मास्तरांनाही बोलावलं, पण ते गेले नाहीत. या चर्चमध्ये त्यांचं लग्न झालं होतं, छपराच्या पन्हळी त्यांनीच बसवल्या होत्या, आणि मेहुण्याचं प्रवचन त्यांना आवडायचं. भांडं पाळकांनी मागून घेतलं. पुढच्याच महिन्यात प्रवचनात ते उंच धरून दाखवलं आणि शास्त्र कसं तंतोतंत आहे ते सांगितलं. मागच्या बाकावर बसून मास्तरांनी सगळं ऐकलं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, राग आला का? “काम चांगलं झालंय, लांबूनही दिसतं,” एवढंच ते म्हणाले.

मोठ्या मुलांच्या वर्गाला शिक्षक मिळेना. शेवटी तो मास्तरांच्या बायकोकडे आला, कारण तिची सही होती. तिला गाणी यायची, गोष्टी यायच्या नाहीत. मग शनिवारी दुपारी ती स्वयंपाकघरात भाजी निवडायला बसायची आणि मास्तर समोर बसून दुसऱ्या दिवशीची गोष्ट तिला सांगायचे. कुठे थांबायचं, कुठे मुलांनाच विचारायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं. ती तशीच्या तशी वर्गात सांगायची.

एका शनिवारी पाळक अचानक घरी आले आणि दारातच उभे राहून अर्धी गोष्ट ऐकत राहिले. बहिणीने वर पाहिलं आणि ती गडबडली.

“चालू द्या,” पाळक म्हणाले, आणि चहा टाकायला स्वतःच ओट्याकडे गेले.