टाचणीमावशीची सवत

माझी मधली मावशी कपडे शिवते. बोलतानाही तिच्या ओठांत टाचण्या असतात, म्हणून गल्लीतली पोरं तिला टाचणीमावशी म्हणतात. मोठी माणसंही तेच म्हणतात, पण ते वेगळ्या कारणानं. तिचं बोलणं टोचतं. कुणी शर्ट घट्ट झाला म्हणून तक्रार घेऊन आलं, की मान वर न करता ती सांगते, शर्ट होता तेवढाच आहे, तुम्ही वाढलात. झोपताना मात्र हात जोडून, दिवसभरात ज्यांना ज्यांना टोचलं त्यांच्यासाठी देवाकडे माफी मागते. यादी लांब असते, त्यामुळे कधी कधी मधेच डोळा लागतो, असं तीच हसून सांगते.

लग्नाआधी नोकरीसाठी मी तिच्याकडे राहत होते. त्यामुळे तिच्या सवतीचा सगळा प्रकार मी जवळून पाहिला, आणि जे पाहिलं नाही ते तिनं स्वतः सांगितलं.

सवत म्हणजे एक जुना स्टीरिओ.

काका पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होते. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरायला जातात, पेपर वाचतात. काका भंगारवाल्याकडे गेले आणि हातगाडीवर हे धूड घालून घेऊन आले. लाकडी पेटी, पुढं काच, कॅसेटचा कप्पा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दिव्यांचे उभे खांब. गाणं सुरू झालं की ते खांब हलायला लागायचे. खाली हिरवे, वर पिवळे, आणि गाणाऱ्यानं सूर वर नेला की टोकाला लाल. काकांनी खोलून, पुसून, तारा जोडून ते चालू केलं आणि मावशीच्या शिलाई मशीनसमोरच्या भिंतीला लावलं. त्या दिवसापासून काकांची पाठ मावशीकडे आणि तोंड दिव्यांकडे.

मावशीला राग गाण्यांचा नव्हता. काका आवाज अगदी बारीक ठेवत, तिच्या कामात व्यत्यय नको म्हणून. राग होता त्यांच्या चेहऱ्याचा. कपडा दाखवायला ती मशीनवरून उठून पुढं गेली, की तो चेहरा तिला दिसायचा. ओठ किंचित उघडे, भुवया वर, लहान मूल आरशात बघतं तसा. "मला बघायला आले होते तेव्हा असं तोंड होतं यांचं," ती मला म्हणाली. "तेव्हापासून आजपर्यंत पुन्हा दिसलं नव्हतं. मला वाटलं वयानं गेलं. गेलं नव्हतं गं. माझ्यासाठी नव्हतं, इतकंच."

काका ते यंत्र मलमलीच्या तुकड्यानं पुसत. मलमल मावशीच्या कापडातली. मग एक दिवस त्यांनी मोजमाप घेतलं आणि धूळ बसू नये म्हणून त्याला कव्हर शिवून मागितलं. मावशीनं शिवलं. खाली झालरसुद्धा लावली, कारण वाईट शिवणं तिला जमतच नाही. सवतीला आपल्या हातानं कपडे शिवून देणारी बाई जगात मी एकटीच असेन, असं त्या दिवशी ती घरात येईल त्याला सांगत होती.

तिला साधं उत्तर मिळत नव्हतं, ते खरं दुखणं. ती मशीनवर वाकून काही विचारायची, पडद्याला झालर लावू का, पाव्हणे कधी येणार, औषध घेतलं का. काकांचं एकच उत्तर, "हं." एकदा तिनं मुद्दाम म्हटलं, "मी हे घर सोडून कायमची चालले." आणि पिशवी उचलून दारापाशी गेली. काकांनी तिच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि म्हणाले, "येताना दूध आण."

ती दूध घेऊन आली. पण त्या दिवशी ती जेवली नाही.

यात भर पडली वरच्या मजल्यावरच्या बालवाडीच्या बाईंची. या बाई दिवसभर तीन-चार वर्षांच्या पोरांना शिकवायच्या, त्यामुळे मोठ्यांशीही तशाच बोलायच्या. तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून, हातांनी चित्र काढत. पाऊस म्हणताना बोटं खाली आणायच्या, जिना म्हणताना पायऱ्या चढायच्या. आम्ही मागं हसायचो. पण काका त्यांच्याशी छान बोलायचे. पाण्याची टाकी कधी भरली, जिन्यातला दिवा कुणी काढला, सगळ्या प्रश्नांना पूर्ण वाक्यात उत्तरं. वर विनोदसुद्धा.

मावशीनं ते बघितलं आणि तिच्या हिशेबी सवती दोन झाल्या. एक दिवे लावून बसते आणि दुसरी हातवारे करून. "मला मेलीला ना दिवे, ना नाटक," ती म्हणाली. "म्हणून माझ्या वाट्याला हं."

शेवटी एका दुपारी, काका पेन्शनच्या कामाला बाहेर गेले असताना, तिनं कापड कापायची मोठी कात्री घेतली, स्टीरिओच्या मागं हात घातला आणि स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही तारा कापल्या. पुन्हा कव्हर नीट बसवलं, झालरीच्या चुण्या सरळ केल्या. मी कामावरून आले तेव्हा तिनं मला हे सांगितलं, वर म्हणाली की आता ओरडू दे त्यांना. ओरडायला तरी माझ्याकडे वळतील.

काका आले. हातपाय धुतले, चहा घेतला, कव्हर काढलं, कॅसेट घातली, बटण दाबलं. मावशीचं शिवण थांबलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

कॅसेट फिरायला लागली. दिवे उठले, हिरवे, पिवळे, पुन्हा खाली. खोलीत आवाज नव्हता. रस्त्यावरून सायकल गेली ती ऐकू आली.

आणि काका मांडीवर ठेका धरून बसले होते. मान हलत होती. एका जागी दिवे हळूहळू चढत लाल टोकाला टेकले, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि हात वर नेला, जणू समोर कुणी गात होतं.

मावशी बराच वेळ बघत राहिली. नंतर मला म्हणाली की तिला आधी वाटलं, नवऱ्याला वेड लागलं. मग एकेक आठवायला लागलं. दारावरची बेल वाजली की काका कधी उठत नसत, तुझीच गिऱ्हाइकं असतात म्हणत. बालवाडीच्या बाईंचे ते मोठे उघडे ओठ. त्या प्रेसच्या दणदणाटात कामगार एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात, हे काकांनीच कधीतरी तिला कौतुकानं सांगितलं होतं. आणि तिचे स्वतःचे ओठ तर कायम मिटलेले, टाचण्यांवर. त्यातून मान खाली वाकलेली.

तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि जाऊन काकांच्या आणि दिव्यांच्या मधे उभी राहिली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

काकांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "कारखान्यात होतो तेव्हाच सुरू झालं. आता डावा कान गेलाच आहे. उजव्यात थोडं घुमतं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू बोलणं सोडलं असतंस. बहिऱ्यापाशी कोण बोलतं? तू वाकून पुटपुटत असतेस ना, ते या पुढच्या काचेत दिसतं मला. शब्द कळत नाहीत, पण घरात कुणीतरी माझ्याशी बोलतंय, एवढं कळतं."

गाण्यांचं त्यांनी सांगितलं ते असं, की त्या सगळ्या कॅसेटी तरुणपणी पाठ झालेल्या. दिवे कुठं चढतात, कुठं उतरतात ते बघितलं की कुठली ओळ चालली आहे ते कळतं, आणि मग ती ओळ डोक्यात वाजते. मावशीनं विचारलं, आणि माझं बोलणं डोक्यात वाजतं का. काका खरं बोलणारे. म्हणाले, "ते पाठ कुठं आहे? तू रोज नवीन टोचतेस."

इथं ती विरघळली असेल असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. दोन दिवस ती धुमसत होती. आपल्याला ज्या यंत्राचा मत्सर वाटत होता ते काकांना ऐकूसुद्धा येत नव्हतं, तरीही काका तिच्यापेक्षा त्याला जास्त ओळखत होते, हे तिला सहन होईना. रात्री देवाला ती काय म्हणाली ठाऊक नाही, पण माफी मागत नव्हती एवढं तिच्या तोंडावरून दिसत होतं.

काकांनीच मग एक उद्योग केला. स्टीरिओला माइक लावायचं भोक होतं. त्यांनी एक जुना माइक मिळवला आणि मावशीच्या मशीनच्या कडेला बांधून टाकला. आता ती काही बोलली की दिवे उठायचे, काका ते बघून वळायचे आणि तिच्या तोंडाकडे बघत विचारायचे, "काय गं?" मशीन चाललं की दिवे मधल्या पिवळ्यापर्यंत थरथरत राहायचे, कात्री चालली तर एकच हिरवी उडी. ते सगळं काकांनी चार दिवसांत ओळखून ठेवलं. स्पीकरच्या तारा जोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मावशीची कुरकूर संपली नाही. नवऱ्याशी बोलायचं तर सवतीच्या मध्यस्थीनं, असे दिवस आले म्हणायची. पण बोलण्याआधी टाचण्या मशीनवरच्या छोट्या उशीला खोचायला लागली होती.

परवा मी माहेरपणाला गेल्यासारखी तिच्याकडे गेले होते. आम्ही दोघी कशावरून तरी हसलो. काका वळले आणि म्हणाले, "तू हसलीस की सगळे दिवे लालपर्यंत जातात. गाण्यालासुद्धा इतके जात नाहीत."

मावशीचा चेहरा मी नीट बघितला. ते वाक्य तिला किती वर्षं हवं होतं ते मला ठाऊक होतं. ती गप्प राहिली असती तर बरं झालं असतं. पण तिनं काकांकडे सरळ तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "आणि वरच्या बाई हसल्या की?"

"त्यांचं हसणं इथं कुठं बघितलंय मी अजून," काका म्हणाले.

"अजून म्हणजे?" मावशी म्हणाली, आणि दोन्ही खांब टोकापर्यंत लाल झाले.