कशालाच न जोडलेला दांडा

बाबांच्या जुन्या गाडीला दुसरं इंजिन आणि दुसरा गिअरबॉक्स बसला. गिअरचा दांडा आता दोन सीटच्या मधे आला, तरी स्टेअरिंगपाशी असलेला जुना दांडा मेकॅनिकने काढला नव्हता. कशालाच न जोडलेला, नुसता शोभेचा.

"ही अडगळ कशाला ठेवलीत?" मी विचारलं.

"असू द्या ताई. काकांचा हात इतकी वर्षं तिथंच गेलाय. तो लगेच ऐकणार आहे का?"

बाबांनी गाडी सुरू केली. हात आधी सवयीने वर गेला, जुना दांडा रिकामाच हलवून खाली आला, मग गिअर पडला.

मला हसू आलं नाही. आई जाऊन तीन वर्षं झाली, आणि आज घरातून निघताना मीही स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले होते, "आई, येते गं."