काडी ओढण्याआधी

आमच्या आतोबांइतका विस्तवाला भिणारा माणूस सावित्रीच्या खोऱ्यात दुसरा झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पोलादपुरात त्यांची भाताची गिरण होती, आणि गिरणीच्या इंजिनावर डायनामो बसवून ते मोटारींच्या बॅटऱ्या चार्ज करून देत. आंबेनळीचा घाट लागायच्या आधीच मान टाकणाऱ्या गाड्यांना त्या काळी दुसरा वाली नव्हता. पण गिऱ्हाईक दारात आलं की आतोबा गाडीआधी त्याच्या तोंडाकडे बघत. तोंडात विडी दिसली की काढून सरळ पाण्याच्या बादलीत! मग तो ड्रायव्हर असो नाहीतर मामलेदार. एका मामलेदारांची उंची सिगारेट अशीच बुडाली, आणि वर आतोबांनी त्यांचा खिसा चाचपून काडेपेटीही काढून घेतली.

एकदा कापडे गावाजवळ एका वऱ्हाडाची मोटार बंद पडली. मी बरोबर होतो. नवरदेव आत घामाघूम, मुहूर्त टळत चाललेला, आणि आतोबांनी काय करावं, तर अख्खं वऱ्हाड ओढ्यापलीकडे हाकललं. का, तर वाजंत्र्यांजवळ फटाके होते. मग दुसरी गाडी शेजारी लावली, दोन्ही इंजिनं बंद आहेत ना ते पाहिलं आणि तारा जोडल्या. शेवटचा चिमटा मात्र मेलेल्या बॅटरीला न लावता लांब, इंजिनाच्या लोखंडाला लावला. "ठिणगी पडायचीच रे," ते मला म्हणाले, "पण ती बॅटरीपासून लांब पडूदे." गाडी सुरू झाली, मुहूर्त काही सापडला नाही. नवऱ्याच्या बापाने शिव्यांची लाखोली वाहिली, ती आतोबांनी खाली मान घालून ऐकली.

लोक हसायचे. मीही हसायचो. आत्या समोर असली की मात्र कुणी हसत नसे. लग्नानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यातली गोष्ट. वाऱ्यापावसाने गिरणीची दारं-खिडक्या लावून घेतलेली, आत बॅटऱ्या चार्जिंगला. काही दिसेना म्हणून आतोबांनी हाक मारली, "दिवा आण गो." आत्या चिमणी घेऊन आली. बॅटऱ्यांतून निघून आत कोंडलेल्या गॅसने पेट घेतला, बॅटरी फुटली आणि तिच्यातलं तेजाब, म्हणजे ॲसिड, आत्याच्या दोन्ही डोळ्यांत गेलं. ती हाक आतोबांनी जन्मभर स्वतःला माफ केली नाही.

त्या दिवसापासून त्यांनी आत्याच्या हातात काडेपेटी दिली नाही. चूल तेच पेटवत, भाकऱ्याही तेच थापत. त्या भाकऱ्यांविषयी न बोललेलं बरं. देवापुढचा दिवाही तेच लावत, आणि तोही ऐन आषाढात घराची सगळी दारं-खिडक्या सताड उघडून. देव चिंब व्हायचे, काड्यांमागून काड्या विझायच्या. आत्या वैतागायची. तिला बाकी काही नको होतं हो, तिन्हीसांजेचा दिवा तेवढा आपल्या हाताने लावायचा होता. "डोळे गेले, हात नाय गेले माझे," म्हणायची. आतोबा अंगणात जाऊन उभे राहायचे.

आतोबा गेले ते तापाने, भर पावसात. त्यांना पोचवून आम्ही परतलो. जिथे त्यांना ठेवलं होतं तिथे दिवा लावायचा होता. मी पणतीत तेल घातलं, खिशातून काडेपेटी काढली. तिचा आवाज ऐकून आत्याने हात पुढे केला.

"इकडे दे."

मी दिली. तिने बोटांनी वात चाचपली, काडी काढली आणि थांबली.

"दारं उघडलीस काय रे?"

मी म्हणालो, आत्या, बाहेर वारा फार आहे, दिवा टिकायचा नाही.

"उघड. नायतर त्यांचा जीव घाबरल."

मी दारं उघडली, खिडक्या उघडल्या. पाऊस आत आला. पहिली काडी विझली, दुसरीही विझली. मग आम्ही सगळ्यांनी भोवती ओंजळी धरल्या, तेव्हा कुठे वात धरली. आत्याने तळहात जवळ नेऊन ऊब पाहिली, आणि दिवसभर कोरडी राहिलेली ती बाई तेव्हा रडली.