माझ्या पाठीवरची सायकल

साहेबांनी सायकल आणली आणि माझ्या पाठीला टेकवली. मी समोरच उभा होतो. एक मी हाडामासाचा, रस्त्याच्या कडेला उभा केलेला. दुसरा सिमेंटचा, कमरेत वाकलेला, उघडा, लंगोटीतला.

"बघा, कशी फिट बसली," साहेब म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तळेघरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. दोन हजार सालानंतर तिथं पुण्याच्या लोकांचे बंगले उगवले, भुईछत्र्या उगवाव्यात तसे. त्यातल्याच या रिटायर साहेबांनी समिती काढली. आमच्या पायवाटेवर पाहुण्यांनी चालायचं, सायकली फिरवायच्या, वाटेत शिल्पं बघायची. नाव ठेवलं कलापथ. पहिलं शिल्प माझं.

मी हुरळलो. लपवत नाही. पार बेल्ह्याच्या बैलबाजारात सांगून आलो, माझा पुतळा बसतोय, घोड्यासकट. घोडा मी पदरचा घातला. शिल्पकार म्हणाला, "भाताच्या आवणीला वाकता तसं वाका." आठ दिवस वाकलो. कंबर अशी धरली, की पुढं महिनाभर मला माणसं पायांवरून ओळखावी लागली. वाकलो तेव्हा अंगात पॅन्ट होती. सिमेंटमध्ये त्यानं ती काढून घेतली.

आता खरी चूक सांगतो. आमच्यात माणूस दगडात कोरतात तो मेल्यावर. मेलेल्यांचे असे दगड वाडीच्या बाहेर आहेत, त्यांना सणाला शेंदूर लागतो. जिवंताचा दगड कुणी उभा करत नाही. हे मला पाळण्यापासून ठाऊक. फुशारकीत विसरलो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आई तो पुतळा बघून आली. माझ्यासमोर ताट ठेवेना.

"आये, भूक लागलीया."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. चुलीकडं तोंड करून म्हणाली, "दगूड रिकामा ऱ्हात न्हाई. कुणाला तरी आत घेतोच."

म्हणून टाळ्या वाजत होत्या तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. भर उन्हात.

"मामा, शर्ट काढा आणि याच्या शेजारी तसंच वाका," साहेब म्हणाले. "फोटो छान येईल."

मी दोन बटणं सोडली. वाकलोसुद्धा. तेवढ्यात एक बाई दुसरी सायकल घेऊन आल्या. टेकवायला जागा नव्हती.

"या मामांवर टेकवा की तोवर," साहेब म्हणाले.

बाईंनी टेकवली. खरंच टेकवली. हॅण्डल बरगडीत रुतलं. आमच्या वाडीतले हसले, तेही ऐकू आलं. मान वळवली तर सिमेंटचं तोंड माझ्या तोंडासमोर. बोटभर अंतर. ते मला आत बोलावत होतं.

मी सरळ उभा राहिलो. सायकल धाडकन पडली.

"अरे, गंमत केली," साहेब म्हणाले.

मी बटणं लावली. "सायेब, मी आजून मेलो न्हाई."

साहेब शांतपणे हसले. "अजून अकरा शिल्पं व्हायचीत. तुला जमत नसेल तर दुसरा वाकेल."

दुसऱ्या दिवशी वाटेच्या कडेनं पुढच्या शिल्पांसाठी चुन्याचे गोल पडले. एकेका दारापुढं एकेक. शेवटचा आमच्या दारात. शिल्पकार ओट्याशी उभा राहून आईला म्हणत होता, "आजी, मुसळ घेऊन जरा वाका." आईनं भिंत धरली होती.

मी घण उचलला. दिवसाढवळ्या, वाडीच्या देखत वाटेनं खाली गेलो. पहिला घाव माझ्याच कमरेत घातला. खोटं वाटेल, पण कळ मला आली. आतल्या सळ्या तुटेनात, म्हणून पुन्हा घातला. पुन्हा. वाडीतले लांब उभे राहून बघत होते. एकानंही अडवलं नाही, एकही पुढं आला नाही.

खालून साहेबांची जीप चढत होती. मागं आणखी एक गाडी, पोलिसांची.

मी घण खाली ठेवला नाही. उरलेले अकरा पुतळे त्यांनी खुशाल उभे करावेत. जितक्यांदा करतील तितक्यांदा मी फोडीन. तुरुंगातून सुटून येऊन फोडीन. या वाटेवर आमचा माणूस वाकलेला दिसणार नाही, सिमेंटचाही नाही.